जुन्या गाडीचा एसी : गॅस भरायच्या आधी एवढं बघा

मंडळी, आपल्याकडे एसी गार करेना झाला की पहिलं वाक्य ठरलेलं, "गॅस संपला असेल, भरून टाका." पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो, तो त्याच पाइपांतून फिरत राहतो. दहा-बारा वर्षांत थोडासा झिरपला तर समजू शकतो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर लीक आहे आणि ते न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं, याची मला खरंच चीड येते.

आधी एसी बिघडतो कधी ते बघा. नाशिकला द्वारकेच्या सिग्नलला गरम हवा आणि मुंबई-आग्रा हायवेला लागलं की गार, असं असेल तर कंडेन्सरचा (म्हणजे पुढच्या बाजूला गॅस थंड करणारी जाळी) फॅन, त्याची रिले (फॅनला करंट देणारा स्विच), फ्यूज बघा, कारण चालत्या गाडीत वारा आपोआप लागतो, उभ्या गाडीत फॅनच लागतो. कंडेन्सरच्या जाळीत धूळ, किडे बसले तरी तेच होतं, पाण्याने हळू धुवा, जोरात प्रेशर मारलं की पत्रे वाकतात. याच्या उलट, कसारा घाट चढेपर्यंत मस्त गार आणि मग हवाच कमी येते, एसी बंद करून थोड्या वेळाने परत नीट, तर कूलिंग कॉइलवर (आतली हवा गार करणारी जाळी) बर्फ धरतोय. थर्मिस्टर (तिचं तापमान मोजणारा सेन्सर) नाहीतर तुंबलेला केबिन फिल्टर तपासा. आणि बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणारा पंप) क्लचचा, म्हणजे त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणाऱ्या भागाचा, "टक्" आवाजच नाही? तर रिले, वायरिंग, क्लचची कॉइल. गॅस फारच कमी झाला तरी प्रेशर स्विच क्लच लागू देत नाही, म्हणून लगेच कॉम्प्रेसर बदलायला जाऊ नका.

आता लीक. बॉनेट उघडून टॉर्च लावा आणि पाइपांचे जॉइंट एकेक बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते, त्यामुळे बाकी पाइप कोरडा आणि ओ-रिंगपाशी (जॉइंटमधलं रबरी कडं) काळपट ओला डाग दिसला की संशय तिथेच. इंजिन बंद ठेवून साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतात. सर्व्हिस व्हॉल्व्हची (जिथून गॅस भरतात) टोपी काढून तिथेही लावा, ते बरेच जण विसरतात. कूलिंग कॉइल मात्र डॅशबोर्डच्या आत असते, तिथे साबण पोचत नाही, मग डाय (लीक दाखवणारा रंग) टाकून किंवा लीक डिटेक्टरने बघावं लागतं.

गेजचं, म्हणजे प्रेशर मोजायच्या मीटरचं, एक सांगतो. साधारण ३० डिग्रीला गाडी बंद असताना आर-१३४ए या एसीच्या गॅसचं प्रेशर १०० पीएसआयच्या आसपास दिसतं, सिस्टीममध्ये अर्धाच गॅस असला तरी जवळपास तेवढंच, कारण आत थोडा जरी द्रव उरला असेल तर प्रेशर तापमानावर ठरतं, वजनावर नाही. म्हणून उभ्या गाडीचा आकडा बघून "फुल आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

नव्वदच्या दशकातली गाडी असेल तर आत आर-१२ हा जुना गॅस होता का ते आधी विचारा, त्याचं तेल वेगळं, त्यावर सरळ १३४ए भरायचा नाही.

आणि गॅरेजमध्ये उभे राहा. सिस्टीम उघडली तर ड्रायर (आतला ओलावा शोषणारा डबा) नवा, व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा ओढून काढणं) निदान अर्धा तास, पंप बंद केल्यावर गेजचा काटा तिथेच थांबतो का ते स्वतः बघा. बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली स्टिकरवर गॅसचं वजन ग्रॅममध्ये दिलेलं असतं, वजनकाट्यावर तेवढाच मोजून भरायला सांगा, आणि किती भरला ते बिलावर लिहून घ्या.