ओळखीतला गाडीचा सौदा

श्रोतेहो, नमस्कार. सुदामानगर असो, लोकमान्यनगर असो की रामबाग, आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून जुनी मोटार बहुधा ओळखीतच विकली जाते. गणपतीच्या मांडवात बोलणे निघते, दुसऱ्या दिवशी गाडी चालवून पाहिली जाते, पैसे दिले जातात, किल्ली हातात पडते आणि 'कागदांचे पुढच्या आठवड्यात बघू' असे दोघेही एकमेकांना सांगतात. पुढे होणारे बरेचसे वाद या एका वाक्यातून निघालेले मी पाहिले आहेत.

आमच्याच घरचे सांगतो. वडिलांनी आपली गाडी एका परिचितांना विकली, सह्या केलेले फॉर्म त्यांच्याच हवाली केले आणि ते निश्चिंत झाले. वर्षभराने सिग्नल तोडल्याची चालाने वडिलांच्या मोबाइलवर येऊ लागली, तेव्हा गाडी अजून त्यांच्याच नावावर असल्याचे कळले. दंड फार मोठा नव्हता. पण त्याच गाडीने कोणाला धडक दिली असती तर, या विचाराने त्यांना कित्येक रात्री झोप लागली नाही.

ती भीती अनाठायी नव्हती. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी असते, तोच सामान्यतः मालक मानला जातो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. याच कायद्याच्या ५०व्या कलमानुसार, राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ भरून आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. म्हणजे विक्री कळवणे हे विकणाऱ्याचे स्वतःचे काम आहे; ते समोरच्याच्या सवडीवर सोडू नये. पुण्याच्या मामेभावाकडून गाडी आणली असेल, तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि मध्य प्रदेशचा कर, हे दोन्ही विषय पैसे देण्यापूर्वीच बोलून घ्यावेत, कारण नात्यात ते मागाहून काढणे फार जड जाते.

आता घेणाऱ्याची बाजू. महिन्याभरात गिअरबॉक्सने दगा दिला, की 'तुम्हाला ठाऊक होते' आणि 'तुम्ही चालवून पाहिली होती' अशी दोन वाक्ये समोरासमोर उभी राहतात. वस्तुविक्री कायदा, १९३० मालाच्या दर्जाची जी गर्भित (म्हणजे न बोलताही गृहीत धरलेली) हमी देतो, ती मुख्यतः त्या मालाचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याकडून असते; आपली एकुलती एक गाडी विकणाऱ्या गृहस्थाकडून ती सहसा मागता येत नाही, आणि ग्राहक आयोगाचा मार्गही अशा खाजगी सौद्यात साधारणपणे उपलब्ध नसतो. मात्र मीटर मागे फिरवला असेल किंवा ठोकलेली गाडी 'कधी खरचटलीही नाही' असे सांगून विकली असेल, तर ती करार कायदा, १८७२ प्रमाणे फसवणूक ठरू शकते आणि दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. तिथे प्रश्न पुराव्याचा येतो, आणि चहा घेताना दिलेला शब्द सिद्ध करणे अत्यंत कठीण असते. म्हणून सर्व्हिस सेंटरच्या नोंदी आधी मागाव्यात, आपल्या विश्वासातल्या मेकॅनिकला गाडी दाखवावी आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का, हे पाहावे.

गाडीबरोबर सगळाच विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो, असा एक गैरसमज मला वारंवार आढळतो. तृतीय पक्षाचे संरक्षण, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्या कोणाच्या झालेल्या हानीचे, तेवढे गाडीबरोबर जाते. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण हवे असेल, तर पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा लागतो.

किल्ली देतानाच एक साधा विक्रीपत्राचा कागद करावा आणि त्यावर तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण त्याच संध्याकाळी अपघात झाला तर गाडी कोणाच्या ताब्यात होती, हे त्या वेळेवरून दाखवता येते. मीटरचे किलोमीटर, माहीत असलेले दोष आणि त्या क्षणापर्यंतची चालाने कोण भरणार, हेही लिहून दोघांनी सही करावी. मित्राकडे असा कागद मागताना संकोच वाटतो, हे मी जाणतो. माझ्या वडिलांनाही तो वाटला होता.

ज्यांनी गाडी आधीच देऊन टाकली आहे, त्यांनी आज परिवहन पोर्टलवर ती कोणाच्या नावावर दिसते ते पाहावे. नाव आपलेच असेल, तर विक्रीचा पुरावा जोडून आरटीओला लेखी कळवावे, घेणाऱ्याला स्पीड पोस्टने पत्र पाठवावे आणि दोन्हींच्या पोचपावत्या घरात जपून ठेवाव्यात. नमस्कार.