रंग उडाला, पण पाण्याचं काय?

नमस्कार मंडळी. समोर निम्मे लोक तरी कापड रंगवणारे प्रोसेसवाले दिसताहेत. आज बोलायचं आहे ते रंगाईचं सांडपाणी ऊन आणि उत्प्रेरक वापरून स्वच्छ करण्याबद्दल. तेव्हा इचलकरंजीचा काळा ओढा रंगाईचं काय काय पंचगंगेला नेऊन देतो, हे मी इथं सांगत बसत नाही. सुती कापडाला धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग देताना सगळा रंग धाग्याला धरत नाही. काही पाण्याशीच अभिक्रिया करून निकामी होतो आणि धुण्यात निघून जातो. गडद छटांमध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाच्याही वर जाऊ शकतं. ईटीपीतल्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या, जिवाणूंना तो सहजी पचत नाही. पचणार कसा? ऊन, घाम, साबण सोसायलाच तो बनवलेला असतो. चुना-हिराकस टाकून जेवढा खाली बसतो, तेवढा गाळात जातो. म्हणजे त्यानं नुसती जागा बदलली.

आता उन्हाचा उपाय. यातला उत्प्रेरक म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याच्या कणावर अतिनील प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि मागं धनप्रभारित रिकामी जागा उरते. ती जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय क्रियाशील तुकडा तयार होतो. सुटलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनकडे जातो, म्हणून टाकीत हवा सोडावी लागते. हायड्रॉक्सिल रॅडिकल क्षणभरच जगतो, पण तेवढ्यात समोर येईल त्या रेणूचा लचका तोडतो. 1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं, आणि या विषयाला खरा जोर आला.

गंमत म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातही हाच पदार्थ असतो, आणि ते रंग बनवणाऱ्यांना हा गुण डोकेदुखी म्हणून आधीपासून ठाऊक होता. बाहेरच्या जुन्या पांढऱ्या भिंतीला हात लावला की भुकटी लागते, त्यात याचाही हात असतो. उन्हात तो रंगातला चिकट भागच खातो. म्हणून पेंटसाठीच्या कणांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचा थर चढवतात. तेव्हा पेंटच्या दुकानातली भुकटी आणून प्रयोग करू नका, हाती फारसं काही लागणार नाही.

अडचण अशी की या पदार्थाला साधारण 387 नॅनोमीटरच्या आतलाच प्रकाश चालतो, आणि उन्हात तसा प्रकाश जेमतेम 4-5 टक्के. उरलेलं ऊन वाया. म्हणून बिस्मथ व्हॅनाडेट, कार्बन नायट्राइड अशा दृश्य प्रकाश घेणाऱ्या पदार्थांमागे प्रयोगशाळा लागल्या आहेत. झिंक ऑक्साइड स्वस्त आहे, पण आम्लात विरघळतं.

इथं माझी खरी तक्रार सांगतो. बहुतेक प्रात्यक्षिकांत निळं मिथिलीन ब्लू घेतात, उन्हात ठेवतात, बाटली पांढरी होते आणि टाळ्या पडतात. पण मिथिलीन ब्लू इलेक्ट्रॉन घेऊनही बिनरंगी होतं आणि हवा लागली की पुन्हा निळं. शिवाय ते स्वतःच प्रकाश शोषून उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देतं, आणि काही भाग नुसता भुकटीला चिकटून बसतो. यातलं काहीच शुद्धीकरण नव्हे.

आपल्या धंद्यातल्या अ‍ॅझो रंगांचं तर आणखी नाजूक आहे. रंग दिसतो तो दोन नायट्रोजनांच्या दुव्यामुळे. दुवा तुटला की पाणी नितळ दिसतं, पण बेंझिनच्या कड्या असलेले तुकडे तसेच राहतात. त्यांतली काही अमाइन्स मूळ रंगापेक्षा घातक असू शकतात. रेणूचा पार कार्बन डायऑक्साइड होईपर्यंत ऊन द्यायचं, तर रंग जायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. म्हणून कुणी असं यंत्र विकायला आलं तर रंग बघू नका, सीओडी (पाण्यातल्या घाणीच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) आणि एकूण सेंद्रिय कार्बनचे आकडे मागा. भुकटी घालून अंधारात ठेवलेल्या नमुन्याचं काय झालं, हेही विचारा, म्हणजे नुसता चिकटलेला रंग किती ते कळेल. आणि चाचणी तुमच्याच सांडपाण्यावर करायला लावा.

कारण तुमच्या पाण्यात ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) आहे, साधं मीठ आहे, सोडा आहे. सोड्यातलं कार्बोनेट आणि मिठातलं क्लोराइड हे रॅडिकल आधीच गिळून टाकतात. पाणी गडद असेल तर प्रकाश वरच्या थरातच अडतो. तुमचं खातं रात्रपाळीतही चालतं, सूर्य चालत नाही. आणि आपल्याकडच्या पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. बारीक भुकटी पाण्यातून परत काढणं हे वेगळंच काम. काचेवर किंवा मण्यांवर थर दिला तर ते वाचतं, पण वेग घटतो.

म्हणून कच्चं सांडपाणी उन्हात ओतायचा विचार सोडा. जैविक प्रक्रियेतून बाहेर आलेलं, फिकट झालेलं, तरी न पचलेला अंश उरलेलं पाणी हीच याची जागा. आणि मिठाला हा उपाय हातही लावत नाही. तमिळनाडूत तिरुपूरला नोय्यल नदी आणि ओरथुपाळयम धरण रंगाइतकंच क्षारांनी खराब झालं. 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं तिथले 700 हून जास्त रंगाई कारखाने बंद झाले. मग आरओ (दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून गाळणं) आणि बाष्पीभवन आलं, त्याच्या खर्चासकट. आरओचा पडदा सेंद्रिय घाणीनं लवकर चोंदतो. त्या पडद्याच्या अलीकडे ऊन आणि उत्प्रेरक बसवून पडदा किती जास्त टिकतो आणि विजेचं बिल किती उतरतं, हे तुमच्याच पाण्यावर मोजून बघायला मला आवडेल. कुणाच्या ईटीपीशेजारी गच्ची मोकळी असेल तर व्याख्यान संपल्यावर भेटा.