हॅमस्टरला कोथिंबीर, पुदिना, शेपू: किती द्यायचं, कसं द्यायचं आणि काय अजिबात नको

[टेबलावर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, शेजारी कोथिंबिरीची छोटी जुडी]

नमस्कार मंडळी. आज हॅमस्टरला हिरवा पाला आणि वाळलेल्या वनस्पती सुरक्षितपणे कशा द्यायच्या ते बघू. सुरुवात काट्यापासून करू, कारण बहुतेक गडबड इथेच होते.

ही जुडी १२० ग्रॅम भरली. पूर्ण वाढलेला सिरियन हॅमस्टर साधारण १०० ते १५० ग्रॅमचा असतो, म्हणजे अख्खा प्राणी या जुडीएवढा. आता एक डहाळी ठेवू. २ ग्रॅम. आमटीत टाकली तर आपल्याला जाणवणारही नाही. पण १२० ग्रॅमच्या जिवाला २ ग्रॅम पाला देणं म्हणजे ६० किलोच्या माणसापुढे एका वेळी १ किलो कोथिंबीर ठेवणं. रोबोरोव्स्की जातीचा हॅमस्टर तर २० ते २५ ग्रॅमचाच. त्याच्यासाठी हीच डहाळी वजनाच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाएवढी होते. "थोडीशीच दिली होती हो" असं म्हणून जुलाब लागलेला हॅमस्टर दवाखान्यात नेतात, त्यातलं ते थोडंसं बहुतेकदा असं असतं.

मुळात पाला लागतोच का? जगण्यासाठी लागत नाही. गिनी पिगला क जीवनसत्त्व बाहेरून द्यावं लागतं, म्हणून त्याला रोज पाला हवा. हॅमस्टरचं शरीर ते स्वतः तयार करतं. गिनी पिगसाठी लिहिलेले तक्ते हॅमस्टरला लावू नका, प्रमाण पार बिघडतं. हॅमस्टरचं मुख्य खाणं म्हणजे चांगलं धान्य-बियांचं मिश्रण आणि पेलेट्स (दाबून केलेले तयार खाण्याचे गोळे), सिरियनला दिवसाला साधारण १० ग्रॅम, ड्वार्फला म्हणजे रोबोरोव्स्कीसारख्या छोट्या जातींना त्याहून बरंच कमी. पाल्यामुळे चव बदलते, नवा वास मिळतो, शोधून खायची सवय टिकते. पिंजऱ्यात दिवस काढणाऱ्या प्राण्यासाठी ही गोष्ट मोठी आहे. म्हणून पाला द्यावा, पण मापात.

ड्वार्फमध्ये कॅम्पबेल जातीला मधुमेहाचा धोका असतो. त्यांच्यासाठी गाजर किंवा सफरचंदाच्या तुकड्यापेक्षा पाला बरा, कारण साखर खूपच कमी. मात्र मधुमेहावर उपाय म्हणून मेथी चारत बसू नका. मेथीचं एखादं पान कधीतरी चालेल, औषध म्हणून नाही.

[कॅमेरा जवळ: पानं एकेक करून ताटलीत]

सुरुवात कोथिंबिरीने करा. बहुतेक हॅमस्टर ती आवडीने खातात. सिरियनला सुटी केलेली सहा-सात पानं, ड्वार्फला दोन किंवा तीन, आठवड्यातून दोन-तीनदा. कोवळा देठ चालतो, पण अर्ध्या इंचाचे तुकडे करून. हॅमस्टर खाणं गालाच्या पिशव्यांत कोंबून नेतो. लांब, चिवट देठ आत अडकू शकतो आणि वाळलेला टोकदार देठ पिशवीला आतून टोचतो. एका बाजूचा गाल तासन्तास फुगलेलाच राहिला, किंवा तो पंज्याने सारखा गाल चोळतोय, तर डॉक्टरांना दाखवा. चिमट्याने स्वतः काढायला जाऊ नका.

शेपू चांगला. वरचा मऊ शेंडा, दोन सेंटीमीटरचा. पुदिना उग्र असतो, त्यामुळे सिरियनला आठवड्यातून एक पान, ड्वार्फला अर्धं. सब्जाची पानं चालतात, कारण सब्जा म्हणजेच इटालियन पदार्थांत पडणाऱ्या बेसिलचा भाऊबंद. सब्जाचं बी मात्र देऊ नका. ते पाण्यात फुगतं हे फालुदा खाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते गालात किंवा पोटात फुगायला नको. तुळस? घरोघरी असते, म्हणून पहिला हात तिच्याकडेच जातो. पण तुळशीत युजेनॉल हे उग्र द्रव्य भरपूर असतं आणि एवढ्याशा शरीरासाठी ते तीव्र आहे. सब्जा मिळत असताना तुळशीची गरज नाही. पानओवा आणि गवती चहाही उग्र, म्हणून तेही बाजूला ठेवा. गवती चहाच्या पात्याची कड धारदार असते, तो आणखी एक त्रास.

पार्सली आणि पालक कधीतरीच, एखादा तुकडा. हॅमस्टरची लघवी मुळातच दाट आणि कॅल्शियममुळे गढूळ असते. त्यात कॅल्शियम किंवा ऑक्झलेट जास्त असलेला पाला वारंवार दिला तर मूतखड्याचा धोका वाढतो. आंबट चुका आणि अंबाडी यांना म्हणूनच सरळ नाही म्हणा.

घरच्या घरी उगवता येण्यासारखी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे गव्हांकुर. पसरट डब्यात कोकोपीट, त्यावर रात्रभर भिजवलेला गहू, आठ-दहा दिवसांत कापण्याजोगं गवत. गहू कुठला वापरताय तेवढं बघा. शेतीच्या दुकानातल्या रंगीत बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. घरातल्या साठवणीच्या गव्हाला बोरिक पावडर लावली असेल किंवा डब्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकल्या असतील तर तोही नको. किराणा दुकानातून मूठभर साधा गहू वेगळा आणा. पावसाळ्यात मुळांपाशी पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर वरचं गवत कितीही हिरवंगार असो, अख्खा डबा फेकायचा.

आता बाजारातल्या पाल्याबद्दल. वाशीच्या एपीएमसीतून आलेली असो, ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून घेतलेली असो, नाहीतर दारावरच्या भाजीवाल्याकडची, जुडी पाहून फवारणी कळत नाही. रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकवलेला पालाही मुंबईच्या बाजारात येत राहिला आहे. त्यामुळे जुडी आधी सोडवा आणि निवडा. पिवळी, चिकट पानं आणि मध्येच आलेलं गवत काढून टाका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली पानं उलटसुलट धुवा, दहा मिनिटं स्वच्छ पाण्यात ठेवा, ते पाणी फेकून पुन्हा वाहत्या पाण्याखाली धरा. मीठ, व्हिनेगर, साबण काही घालू नका. नंतर सुती कपड्यावर पसरून पूर्ण कोरडी करा. पान हाताला ओलं लागता कामा नये, कारण ओलं पान बेडिंगखाली, म्हणजे पिंजऱ्यातल्या अंथरणाखाली, पुरलं गेलं की कुजायला वेळ लागत नाही.

सोसायटीच्या बागेतून, पाम बीच रोडच्या कडेने किंवा रिकाम्या प्लॉटवरून काही खुडून आणू नका. तिथे माळ्याची फवारणी असते, डासांसाठी धुराची फवारणी असते, गाड्यांचा धूर असतो, भटक्या कुत्र्यांची लघवी असते. शिवाय गाजर गवत. नवी मुंबईच्या मोकळ्या प्लॉटवर ते भरपूर उगवतं, कोवळेपणी त्याची कातरलेली पानं गाजराच्या पाल्यासारखी दिसतात आणि ते विषारी आहे. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातूनही नको. ते संरक्षित वन आहे, तिथून पाला तोडायचा नसतो.

आणि जे कधीच द्यायचं नाही ते ऐका. कांद्याची पात, लसणाची पात, चाइव्ह्ज: यातली गंधकाची संयुगं रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. टोमॅटो, बटाटा, वांगं यांची पानं आणि बटाट्याचे कोंब: सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं. अळू, मनी प्लांट, डिफेनबाखिया: यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तोंड आणि घसा सुजतो. सदाफुली, कण्हेर, घाणेरी, रुई या झाडांचं एक पानही नको. हॅमस्टरला फिरायला बाल्कनीत सोडत असाल तर कुंड्यांतून गळलेली पानं आधी वेचा. त्याला खाल्लेलं ओकून टाकता येत नाही, हे कायम डोक्यात ठेवा. कुत्र्या-मांजराला जी एक संधी मिळते, ती याला मिळत नाही.

फुलांमध्ये घरच्या, न फवारलेल्या जास्वंदीची एक पाकळी चालते. हाराच्या फुलवाल्याकडचं काहीच नको. विदेशी मिश्रणाच्या पाकिटावर 'मॅरिगोल्ड' म्हणून असतो तो कॅलेंडुला. आपला हारातला झेंडू ही वेगळी वनस्पती आहे, त्या भरवशावर तो टाकू नका. कॅमोमाइल द्यायचं तर नुसती वाळलेली फुलं घ्या, हिरव्या चहात मिसळलेलं नको, त्यात कॅफीन असतं.

[काचेची बरणी, वाळलेली कोथिंबीर हातावर चुरून दाखवणे]

वाळलेला पाला. ताज्या कोथिंबिरीत ९२ टक्के पाणी असतं. वाळल्यावर उरतो तो अर्क, म्हणून चिमूटभर चुरा म्हणजे बराच पाला झाला. सिरियनला दोन बोटांची एक चिमूट, ड्वार्फला अर्धी, आठवड्यातून दोनदा. ताजा दिला त्या दिवशी वाळलेला नाही. चुरा वाटीत न टाकता बेडिंगवर विखरून टाका, म्हणजे तो रात्रभर हुंगत शोधत फिरेल.

घरी वाळवायचा तर डिसेंबर ते मे एवढाच काळ धरा. धुऊन कोरड्या केलेल्या डहाळ्या सावलीत, पंख्याखाली, सुती कपड्यावर एका थरात. बाल्कनीत उघड्यावर नाही, आपल्याकडे कबुतरांची विष्ठा टाळता येत नाही. पान चुरून पीठ व्हायला हवं आणि देठ वाकवल्यावर कट्कन मोडला पाहिजे. देठ नुसता वाकला तर आत ओल आहे आणि बरणीत बुरशी येणार. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या आपल्या हवेत पाला धड वाळत नाही, चिवट होऊन बसतो. त्या दिवसांत आधी वाळवलेला वापरा. बरणी उघडल्यावर कुबट वास आला तर फेकून द्या. वरचा थर काढून खालचा वापरायचा नाही.

पावसाळ्यात आणखी एक काम वाढतं. हॅमस्टर खाण्यापेक्षा साठवतो जास्त. ताजा पाला संध्याकाळी, तो जागा होतो तेव्हा द्या. उरलेला तीन-चार तासांत, तुम्ही झोपायच्या आधी काढा. इतर ऋतूंत सकाळी काढला तरी चालतं. दुसऱ्या दिवशी त्याचं कोठार तपासा, बहुतेक पिंजऱ्यातल्या त्याच्या घराच्या एका कोपऱ्यात असतं. सगळं कोठार उपसू नका, त्याने तो बिथरतो. ओलं तेवढं उचला, कोरडे दाणे तिथेच राहू द्या.

नवा पाला एका वेळी एकच. पहिल्यांदा नखाएवढा तुकडा, मग ४८ तास फक्त लेंड्यांवर लक्ष. घट्ट, गडद आणि कोरड्या असतील तर पुढच्या वेळी वाढवा. मऊ झाल्या तर पाला बंद, फक्त नेहमीचं कोरडं खाणं आणि पाणी. नुकत्याच आणलेल्या हॅमस्टरला पहिला आठवडा पाला नको, आणि दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांनाही नको.

शेपटीभोवती ओल, घाण वास, पोक काढून बसणं, डोळे अर्धवट मिटलेले: यातलं काही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. वेट टेल हा जुलाबाचा आजार जिवाणूंमुळे होतो, ओलं पान खाल्ल्यामुळे नाही, आणि कोवळ्या वयाचा सिरियन त्यात ४८ तासांत जाऊ शकतो. ओव्याचं पाणी, हळद, घरातलं उरलेलं अँटिबायोटिक यातलं काही देऊ नका. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन आणि त्यांच्यासारखी काही औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतात आणि त्यातच तो दगावतो. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हॅमस्टर बघत नाहीत, म्हणून एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आजच शोधून ठेवा. निघताना छोट्या डबीत ताज्या लेंड्या घ्या, शेवटचा दिलेला पाला वेगळ्या पिशवीत घ्या आणि तो कधी, किती दिला होता ते चिठ्ठीवर लिहून न्या.