क्वांटम म्हणजे केवढं?

नमस्कार. पंखा जरा कमी करता का कोणी, कागद उडतायत. हां. तर विषय दिलाय 'क्वांटम फिजिक्स म्हणजे काय', वेळ दिलीय पस्तीस मिनिटं, त्यातली दहा सत्कारात गेली, नारळ चांगला मोठा दिलाय त्यामुळे तक्रार नाही.

आधी मावशीचं सांगतो. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात. तिच्या सोसायटीत एक टायवाला गृहस्थ आला आणि काळी चकती लावलेलं 'क्वांटम एनर्जी लॉकेट' साडेचार हजारांना गळ्यात मारून गेला, अक्षरशः गळ्यातच. मावशीचा मला फोन, अरे तू फिजिक्स शिकवायचास ना, हे खरं का? म्हटलं मावशी, थोतांड आहे. तर म्हणते, तुला तीस वर्षांत कोणी साडेचार हजार दिले नाहीत म्हणून जळतोयस. (हशा) हसा हसा, जळत होतोच. मग तिच्याकडून नंबर घेतला आणि त्या माणसाला फोन लावला, क्वांटम म्हणजे काय हो? "सर, सूक्ष्म." किती सूक्ष्म? "सर, खूपच." आता गंमत अशी की मी नकळत त्याला तोच शब्द विचारला होता, कारण लॅटिनमध्ये क्वांटम म्हणजे 'किती', 'केवढं'. बस्स. त्यात गूढ काही नाही, वाण्याच्या दुकानात रोज विचारतो तो प्रश्न.

हा जुना अर्थ कोर्टात अजून जिवंत आहे. आरोपी दोषी ठरला की 'क्वांटम ऑफ सेन्टेन्स'वर युक्तिवाद होतो, म्हणजे शिक्षा किती. बघा, ते वकीलसाहेब मान हलवतायत. चुकतात ते पेपरवाले. कंपनीचा नफा तिप्पट झाला की लगेच 'क्वांटम जंप'! अहो हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या पहिल्या पातळीवरून दुसरीवर उडी मारतो तेव्हा त्याला लागतात फक्त १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ऊर्जेचं अगदी चिमुकलं माप, तेवढ्यात डासाचा पंखसुद्धा हलायचा नाही.

आणि आपला मराठी शब्द, पुंज. ऐकायला गोड आहे, पण पुंज म्हणजे ढीग ना, तारकापुंज म्हणतो आपण, आणि इथे सांगायचंय ऊर्जेचा एकच छोटा वाटा. एका मुलाने वर्गात विचारलं, सर ढीग, पण कशाचा? मी पूर्ण तास उत्तर देत होतो, त्याला काही कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंच डोकं गरगरायला लागलं.

चिठ्ठी आली. सात मिनिटं म्हणे. बरं, पळतो.

१४ डिसेंबर १९००, बर्लिन. तापलेल्या वस्तूतून कुठल्या रंगाचा प्रकाश किती निघतो याचं गणित जुन्या नियमांनी प्रयोगाशी जुळेना, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांकने धरून चाललं की ऊर्जेची देवघेव ठरलेल्या मापातच होते. सुटं दूध आणि पिशवीचं दूध, एवढाच फरक. अर्ध्या लिटरची पिशवी एक घ्या, दोन घ्या, दीड पिशवी मिळणार नाही. फक्त इथे पिशवीचं माप रंगावर ठरतं, वारंवारता (प्रकाशाची लाट सेकंदाला किती वेळा हलते ते) गुणिले एच, हा एच म्हणजे ६.६२६ गुणिले १० चा उणे ३४ वा घात, जूल-सेकंदात. लालची पिशवी लहान, जांभळ्याची मोठी. १९०५ मध्ये आइनस्टाइन म्हणाला, नुसती देवघेव नाही, प्रकाशच पिशव्यांतून येतो. म्हणून तर काही धातूंवर लाल प्रकाश कितीही ओता, इलेक्ट्रॉन सुटत नाही, आणि जांभळा थोडासा पडला तरी सुटतो. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोसांनी या पिशव्या मोजायची नवी रीत आइनस्टाइनला पाठवली, त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्नने 'क्वांटम मेकॅनिक्स' हे नाव वापरलं. या हॉलमधले एलईडी त्याच हिशेबावर चालतात आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये क्वांटम मिशनला, म्हणजे या विषयातल्या संशोधनाच्या राष्ट्रीय मोहिमेला, ६००३.६५ कोटी मंजूर केले तेही त्याच्याच जिवावर, लॉकेटच्या नाही.

तेव्हा कोणी क्वांटम म्हटलं की दोनच प्रश्न विचारा, कशाचा आणि केवढा. आकडा आला तर ऐका, नाहीतर फोन ठेवा.

श्रोडिंगरचं मांजर, ते एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं म्हणतात ते, राहिलंच की, तुम्ही सगळे त्याच्यासाठी आलात हे माहितीय मला. पण चहा निवतोय म्हणतायत, मांजराचं चहा पिता पिता बोलू.