आरसा घासला, बस्स

[दृश्य : तीन हात नाका, ठाणे. संध्याकाळचे सात.]

सिग्नल सुटलाय, पण गाड्या जागच्या जागी. एका स्कूटरचा आरसा शेजारच्या बाईकला घासतो. ओरखडाही नाही.

"दिसत नाही का रे?"
"तू मागे घे ना!"

इथवर रोजचंच. मग एक शिवी येते, थेट आईवरून. बाईकवर मागे मित्र बसलाय. तो बोलत काहीच नाही, नुसता बघतो. बाईकवाला स्टँड लावतो, हेल्मेट काढतो. काढलेलं हेल्मेट हातातच राहतं.

[दृश्य : हेल्मेट धरलेली मूठ, जवळून.]

आपण म्हणतो, पुरुषाचं रक्तच गरम. मला हे पटत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात डव्ह कोहेन, रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. कॉरिडॉरमधून जाणाऱ्या तरुणाला एक जण मुद्दाम खांदा मारायचा, वर शिवी हासडायचा. उत्तरेकडच्या राज्यांतल्या बऱ्याच मुलांनी ते हसण्यावारी नेलं. दक्षिणेकडची, इज्जतीला फार जपणाऱ्या मुलखात वाढलेली मुलं मात्र भडकली. त्यांच्या लाळेत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं. पुढे समोरून एक धिप्पाड माणूस चालत आला. शिवी न खाल्लेली दक्षिणेकडची मुलं सरासरी नऊ फुटांवरूनच बाजूला झाली. शिवी खाल्लेली तीन फुटांपर्यंत हटली नाहीत. अपमान कुणी पाहिला असेल, तर त्या बघणाऱ्याच्या नजरेत आपण कमी मर्द ठरलो, असंही त्यांना वाटलं.

शिवी तीच, वयही तेच. फरक लहानपणापासून कानावर पडलेल्या गोष्टींचा. आपल्याकडे शाळेच्या मैदानातच मुलगा ऐकतो, "बांगड्या भरल्यात का हातात?" मार खाऊन घरी आला, की "तू काय केलंस मग?"

आणि राग एकदाचा काढून टाकला की शांत वाटतं, म्हणतात. पण मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे आणखी चिडले. नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा कमी आक्रमक निघाले.

[दृश्य : पुन्हा नाका. मागून हॉर्नचा कल्लोळ.]

मागचा मित्र खाली उतरतो. बाईकवाल्याच्या खांद्यावर हात ठेवतो. "सोड ना. चल, आई वाट बघतेय."

हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढतं. पट्ट्याचा क्लिप दोनदा चुकतो, बोटं अजून थरथरताहेत.