डिमेन्शियासाठी सोबती सेवा: पैसा आधी कुठे लावायचा?

नमस्कार. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसाकडे दर आठवड्याला तासभर गप्पा मारायला एक ठरलेला स्वयंसेवक जातो, ही सोबती सेवा. स्वयंसेवक मानधन घेत नाहीत, म्हणून सेवा जवळजवळ फुकटात चालेल असं गृहीत धरलं जातं. ती बंद पडते ती इथेच.

आकडे मांडून बघा. 20 जोड्या (जोडी म्हणजे एक स्वयंसेवक आणि तो ज्याच्याकडे जातो तो माणूस), आठवड्याला एक भेट, म्हणजे वर्षाला हजाराच्या आसपास भेटी. कुणी आजारी पडतं, कुणाची वेळ बदलते, कुणाला दवाखान्यात ठेवावं लागतं. हे फोन कोण घेणार? आमच्या मते एवढ्या जोड्यांना निदान एक अर्धवेळ, पगारी समन्वयक हवाच. अंदाजपत्रकात पहिली ओळ त्याच्या पगाराची. प्रवासखर्च, विमा, प्रशिक्षण त्यानंतर.

देणगीदारांना नवं काही सुरू करून द्यायला आवडतं, चालू कामाचा पगार भरायला तितकंसं नाही. तरीही पगार 'प्रशासकीय खर्चा'त लपवू नका. वर्षाचा सगळा खर्च भागिले झालेल्या भेटी, हा आकडा अर्जात द्या. पगार कशासाठी ते त्यातच दिसतं. निदान तीन महिन्यांचा खर्च गाठीला नसेल, तर नवी जोडी लावू नका. अनुदान संपल्याचं त्या माणसाला समजत नाही. आपलं कुणीतरी यायचं थांबलं, एवढंच जाणवतं.

स्मरणशक्ती सुधारेल असं मात्र अर्जात लिहू नका. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024च्या आयोगाने डिमेन्शियाच्या 14 बदलता येण्याजोग्या जोखमींत सामाजिक एकटेपणा धरला आहे, तो दाखला जरूर द्या. पण त्यावरून भेटींनी आजार मागे हटतो असं ठरत नाही. भेटी किती ठरल्या, किती झाल्या, जोडी किती महिने टिकली, हे मोजा.

भरती करताना दोन ओळखपत्रं, दोघांची शिफारस आणि पोलीस पडताळणी. औषध द्यायचं नाही, पैसे हाताळायचे नाहीत, घराची किल्ली घ्यायची नाही. भेट शक्यतो सकाळी ठेवा. संध्याकाळी अनेकांची घालमेल वाढते.

प्रशिक्षणात सर्वात जास्त वेळ बोलण्यावर द्या. "ओळखलंत का मला?" हा प्रश्न बंद. समोर बसायचं, नाव सांगायचं, मग हातात एखादी वस्तू द्यायची. चावीचं जुनं घड्याळ दिलं, तर नाव न आठवणाऱ्या माणसाची बोटंही कधी कधी आपसूक चावी फिरवू लागतात. गप्पा तिथून सुरू करा. तोच प्रश्न पाचव्यांदा आला, तर उत्तर पहिल्यांदा दिलं तसंच द्यायचं.

पहिल्या भेटीला समन्वयक बरोबर जातो. पुढच्या तीन भेटींनंतर त्याच दिवशी फोन करतो आणि "कशी झाली?" न विचारता "कुठे अडलात?" असं विचारतो. शांत बसून राहिलेल्या माणसासमोर तास काढलेल्या स्वयंसेवकाला वाटत असतं, आपला काही उपयोग झाला नाही. त्या संध्याकाळी फोन आला नाही, तर पुढच्या आठवड्यात तो बहुधा येत नाही.