भर समुद्रात विरणारं वादळ

[दृश्य: उपग्रहातून दिसणारा अटलांटिक महासागर, ढगांचे विस्कळीत पुंजके]

चक्रीवादळ म्हटलं की मधोमध डोळा असलेला पांढराशुभ्र भोवरा आठवतो. पण कितीतरी वादळं त्या रूपापर्यंत पोहोचतच नाहीत. समुद्रावर जन्मतात, चार-पाच दिवस धडपडतात आणि जमीन न पाहताच विरतात. बातम्यांत त्यांना दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. अंदाज वर्तवणाऱ्यांची मात्र हीच वादळं जास्त परीक्षा पाहतात.

अटलांटिकमधल्या अशा अनेक वादळांचं मूळ आफ्रिकेत असतं. तापलेलं सहारा वाळवंट आणि त्याच्या दक्षिणेचा दमट पट्टा, या दोहोंच्या तापमानातल्या फरकामुळे तीन-चार किलोमीटर उंचीवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वेगवान वारा वाहतो. त्या प्रवाहात हवेच्या लाटा उठतात. वर्षाकाठी साधारण ६०. किनारा ओलांडून त्या समुद्रावर येतात. बहुतेक लाटा पाऊस पाडत पुढे सरकतात. वादळ होतं मोजक्यांचंच.

त्यासाठी समुद्र तापलेला हवा: साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त. आणि नुसता वरचा थर तापून भागत नाही, सुमारे ५० मीटर खोलीपर्यंतचं पाणी उबदार लागतं. अशा पाण्यावरून वाफ वर चढते, थंड होते आणि तिचे थेंब बनतात. एक किलो वाफेचं पाणी होताना जवळजवळ २५ लाख जूल उष्णता बाहेर पडते. ती हवेला आणखी वर ढकलते, खालचा दाब घटतो आणि भोवतालची हवा आत धावते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ येत नाही, वळत येते. उत्तर गोलार्धात म्हणूनच वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतं.

[दृश्य: खवळलेला समुद्र, वाऱ्याच्या दिशेने लांबलेले फेसाचे पट्टे]

वाऱ्याचा वेग ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटरवर गेला की अटलांटिकमध्ये वादळाला नाव मिळतं. या वेगाला लाटांचे माथे फुटून तुषार उडतात, फेसाचे लांबच लांब पट्टे ओढले जातात. गंमत म्हणजे, वायुदाबमापकावर ही खळबळ फारशी उठून दिसत नाही. भोवती १०१२ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) असेल, तर केंद्रात १००५. त्यातही उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा आपसूक चढतो नि उतरतो, दोन-तीन हेक्टोपास्कलने. दिवसभराची ही चढउतार वजा केल्यावर वादळाच्या वाट्याला उरतं ते इतकुसं.

आता खरी अडचण. खाली पाणी उबदार आहे, वाफ आहे, पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारा भलत्याच दिशेने वाहतोय. खालच्या आणि वरच्या वाऱ्यातल्या या तफावतीला ‘विंड शिअर’ म्हणतात. वादळ टिकायचं तर त्याचं फिरणं समुद्रापासून वरपर्यंत एका रेषेत राहायला हवं. तफावत २० नॉटच्या पुढे गेली की धुरांडं मध्येच मोडावं तसं होतं: तळ एकीकडे, वरचा भाग दुसरीकडे. साठलेली उष्णता केंद्राच्या माथ्यावर राहत नाही, पांगते.

[दृश्य: रात्रीचं अवरक्त चित्र, त्यानंतर पहाटेचं पहिलं प्रकाशचित्र]

हे पाहायचं तर पहाटेची वेळ गाठावी. रात्री उष्णता टिपणाऱ्या अवरक्त चित्रात ढगांचा छान गोल गोळा दिसतो. वाटतं, वादळ जोर धरतंय. सूर्य उगवतो, पहिलं साधं चित्र येतं आणि केंद्र त्या गोळ्याखाली नसतंच! शंभरेक किलोमीटर पलीकडे बुटक्या, विरळ ढगांची एक उघडी गिरकी फिरत असते. अनुभवी अंदाजकारांनाही हा धक्का चुकलेला नाही. समुद्र इतका दूर की विमान पाठवता येईलच असं नाही. मग उपग्रहावरचं रडार लाटांचा खडबडीतपणा मोजतं आणि त्यावरून वाऱ्याचा वेग काढला जातो.

त्यात सहाराची कोरडी, धुळकट हवा शिरली तर विचारायलाच नको. पडणारा पाऊस तिच्यात वाटेतच वाफ होऊन उडतो, हवा गार होऊन जड बनते आणि धाडकन खाली कोसळते. समुद्रावर आपटून ती चहूकडे पसरते, तिच्या कडेवर ढगांची बारीक कमान उमटते. वादळातून अशी कमान बाहेर पडताना दिसली की जाणकार ओळखतात, याचं काही खरं नाही.

मग गडगडाटी ढग थांबतात. वारा अजून ताशी पन्नासेक किलोमीटरने वाहत असतो, पण ढगांचं इंजिन बंद पडलेलं. आता ते नुसतं उरलेलं कमी दाबाचं क्षेत्र. नियमित इशारे बंद होतात. उंची गमावलेली ही गिरकी खालच्या व्यापारी वाऱ्यांबरोबर पश्चिमेकडे वाहत जाते.

कमकुवत म्हणजे निरुपद्रवी, असं मात्र समजू नये. २००१ मधलं ॲलिसन कधीच हरिकेन, म्हणजे पूर्ण ताकदीचं चक्रीवादळ, झालं नाही, तरी त्याच्या पावसाने ह्यूस्टन शहर बुडवलं आणि त्याचं नाव वादळांच्या नावांच्या यादीतून कायमचं काढावं लागलं.

[दृश्य: नकाशावर कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचं आखात]

शिवाय विरलेलं वादळ विरलेलंच राहील याचीही खात्री नसते. १९ ऑगस्ट २०१७ रोजी कॅरिबियन समुद्रावर हार्वी नावाचं एक कमकुवत वादळ मोडलं. उरली फक्त हवेतली लाट. ती मेक्सिकोच्या आखातातल्या उबदार पाण्यावर पोहोचली. २३ तारखेला ते पुन्हा उभं राहिलं, त्याच नावाने. २५ तारखेच्या रात्री टेक्सासच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा ते पाचपैकी चौथ्या श्रेणीचं हरिकेन होतं.